कनू ट्रिपला हँडी नेताय? आधी पलीकडे कोण ऐकतंय ते बघा

हँडहेल्ड हॅम रेडिओ (हॅम म्हणजे लायसन्स काढून हौसेने रेडिओ चालवणारे), म्हणजे आपण सगळे ज्याला हँडी म्हणतो तो, खिशात मावतो, एकदा घेतला की महिन्याचं भाडं नाही, आणि मोबाईलला रेंज नसते तिथेही त्यातून माणसाचा आवाज येतो, त्यामुळे कनू (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) घेऊन आठवडाभर जंगलातल्या तळ्यांवर जाणाऱ्या नवख्या माणसाला वाटतं की चला, इमर्जन्सीची सोय झाली. तशी ती होत नाही. हँडी म्हणजे अर्धीच सोय, उरलेली अर्धी म्हणजे तुमचा आवाज पोचेल इतक्या अंतरावर, त्याच फ्रिक्वेन्सीवर, त्याच वेळी कान देऊन बसलेलं कुणीतरी. ते कुणीतरी आपोआप नसतं, ते घरी बसून आधीच शोधून ठेवावं लागतं. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं काम पाण्यावरचं नाहीच.

आणि एक आत्ताच सांगून टाकतो. तुमच्याकडे फक्त एकाच वस्तूचे पैसे असतील तर हँडी घेऊ नका, पीएलबी घ्या, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. तो ४०६ मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहांना सिग्नल देतो, कॉस्पास-सारसॅट नावाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा तो उचलते, सबस्क्रिप्शन लागत नाही (रजिस्ट्रेशन मात्र करायचंच, नाहीतर सिग्नल कुणाचा हेच शोधत बसावं लागतं त्यांना), आणि चालू केला की किमान २४ तास ओरडत राहतो. पण पीएलबी एवढंच सांगतो की 'मी इथे आहे, मदत पाठवा'. पाय मोडलाय का हार्ट अटॅक आलाय, हेलिकॉप्टर हवंय का उद्या सकाळी बोट आली तरी चालेल, हे त्यातून सांगता येत नाही. सॅटेलाइट मेसेंजरवर टाइप करून सांगता येतं पण त्याला महिन्याचं भाडं. हँडीचं काम या दोघांच्या बाजूला उभं राहायचं आहे, आणि कधीकधी ती दोघांपेक्षा भारी ठरते कारण समोरचा माणूस लगेच उलट प्रश्न विचारू शकतो.

लायसन्स आधी, खरेदी नंतर

प्रत्येक देशाचे नियम वेगळे. अमेरिकेत सुरुवातीची परीक्षा टेक्निशियनची, ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. कॅनडात बेसिक, १०० प्रश्न आणि ७० टक्के. अमेरिकन लायसन्सवाला कॅनडात तात्पुरता बोलू शकतो, युरोपात बऱ्याच देशांची एकमेकांचं लायसन्स चालवून घ्यायची सीईपीटी नावाची व्यवस्था आहे, पण तुमचा लायसन्सचा वर्ग त्यात बसतो का ते आधी बघा.

'जीव धोक्यात असताना लायसन्स कोण विचारतंय' हा युक्तिवाद हमखास येतो. बरोबर आहे, संकटात सापडलेल्या स्टेशनने हाताशी असेल त्या रेडिओ साधनाने मदत मागावी याला आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतच मोकळीक आहे. पण लायसन्स नाही म्हणजे सराव नाही, सराव नाही म्हणजे रिपीटरचा (म्हणजे उंचावरचं स्टेशन, तुमचा आवाज पकडून पुढे लांबवर पाठवणारं) टोन (तो उघडायला आवाजासोबत जाणारा ठरलेला सूर) कसा लावायचा, कोण काय बोलतंय, मध्ये कसं घुसायचं यातलं काहीच माहीत नाही, आणि हे सगळं तुम्ही पहिल्यांदा शिकणार कधी, तर मित्र बेशुद्ध पडलेला असताना. तहान लागल्यावर विहीर खणायचा प्रकार झाला हा.

कुठली हँडी

यावर लोक रात्ररात्र भांडतात, मी थोडक्यात आटपतो. दोन मीटर आणि सत्तर सेंटीमीटर असे दोन्ही बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे, लहरींच्या लांबीवरून पडलेली नावं) असलेली, पाच वॅटची, आणि शक्यतो आयपीएक्स७ किंवा आयपी६७ रेटिंगची. या आकड्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते एवढाच, तरंगते असा नाही! बहुतेक हँडी दगडासारख्या बुडतात. स्वस्तातली बाओफेंग चालेल का, तर चालेल, पण ती वॉटरप्रूफ पारदर्शक पिशवीत बंद करून, पिशवीत थोडी हवा ठेवून, म्हणजे पडली तरी तरंगेल, आणि पिशवीतूनच बटणं दाबून बोलता येतं का हे घरीच तपासून. याएसू, आयकॉम, केनवूडच्या पाण्याला टिकणाऱ्या मॉडेल्सना जास्त पैसे पडतात, वर्षात एकापेक्षा जास्त ट्रिपा होत असतील तर ते पैसे वसूल होतात असं माझं मत.

मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटींवर वापरायचा रेडिओ, ही वेगळी वस्तू आहे. त्यातले बरेच हातातले सेट तरंगतात, चॅनल १६ वर म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर कोस्टगार्ड ऐकतं, लेक सुपिरियरसारख्या समुद्राएवढ्या तळ्यावर तीच घ्या. पण जंगलाच्या पोटातल्या छोट्या तळ्यांवर चॅनल १६ ऐकणारं कुणी नसतं.

घरी बसून करायचं खरं काम

आता मुद्द्याचं. दोन मीटर बँडच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, क्षितिजाच्या थोड्या पलीकडे पोचतात, बस. हिशोब सोपा आहे: अँटेना मीटरमध्ये जितकी उंच त्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, म्हणजे रेडिओ क्षितिज किती किलोमीटरवर ते मिळतं. कनूत बसून हँडी तोंडाशी धरली की उंची दीड मीटर, म्हणजे क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर. तुमच्यासारखाच दुसरा कनूत बसलेला असेल तर दोघांची बेरीज दहा, आणि तीही मोकळ्या पाण्यावर, मध्ये झाडी आली की त्यातलं कितीतरी कमी. पण तुम्ही तळ्यापासून ३० मीटर उंच खडकावर चढलात तर क्षितिज २२ किलोमीटरवर जातं, आणि पलीकडे टेकडीवर आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर उंचीवर रिपीटर असेल तर त्याचे स्वतःचे ४१ किलोमीटर त्यात मिळवा. म्हणजे फक्त चढून गेल्याने साठ किलोमीटरच्या वर. मध्ये डोंगर असेल तर अर्थातच हा हिशोब कोलमडतो.

उलट पॉवर वाढवून काय मिळतं? एक वॅटवरून पाच वॅटवर गेलात तर सात डेसिबल. ते वाया जात नाहीत, पण मध्ये टेकडी आडवी असेल तर सात डेसिबलने ती हलत नाही.

तर करायचं असं. ट्रिपचा नकाशा घ्या, मुक्कामाच्या जागा मार्क करा. रिपीटरबुकसारख्या यादीतून त्या भागातले सगळे रिपीटर काढा, मग प्रत्येक मुक्कामावरून प्रत्येक रिपीटरपर्यंत मध्ये काय उंचवटे आहेत ते बघा, यासाठी रेडिओ मोबाईल, हेव्हॉट्सदॅट अशी फुकटची साधनं आहेत, जमिनीचा छेद काढून दाखवतात. दोन-तीन रिपीटर लागण्यासारखे निघाले तर नशीब. एकही नाही निघाला तरी ती माहिती सोन्यासारखी आहे, कारण मग तुम्ही हँडीच्या भरवशावर जात नाही.

मग त्या भागातल्या हॅम क्लबला मेल टाका. हे लोक टाळतात आणि मला कळत नाही का, कारण हॅम मंडळींना कुणी काही विचारलं की ती खूष होतात. विचारायचं काय: हा रिपीटर खरंच चालू आहे का (यादीत असतो आणि अँटेना मागच्या वादळात पडलेली असते, असं होतं), टोन काय, रोजचं नेट (ठरलेल्या वेळी रेडिओवर सगळे जमतात ते) किती वाजता भरतं, आणि आम्ही अमुक तारखांना अमुक तळ्यांवर आहोत, संध्याकाळी ठरलेल्या वेळेला कुणी दहा मिनिटं ऐकेल का. शेवटच्या प्रश्नाला एक जरी हो आला तरी तुमच्या हँडीची किंमत दुप्पट झाली.

प्रोग्रॅमिंग

चर्प नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवरून भरा, हाताने भरत बसू नका, पण हाताने कसं भरायचं ते शिकून ठेवा आणि त्या पायऱ्या एका कागदावर लिहून लॅमिनेट करा. रिपीटरला तीन गोष्टी लागतात: तो बोलतो ती फ्रिक्वेन्सी, ऑफसेट म्हणजे तुम्ही किती अंतर सोडून बोलायचं (दोन मीटरवर बहुतेक ठिकाणी ६०० किलोहर्ट्झ, वर का खाली ते यादीत असतं), आणि टोन. टोन चुकला तर तुम्हाला रिपीटर मस्त ऐकू येईल पण तो तुमच्यासाठी उघडणारच नाही, आणि नवख्यांचं ऐंशी टक्के डोकं इथेच फिरतं.

पहिल्या चॅनलवर सगळ्यात भरवशाचा रिपीटर ठेवा. नंतर बाकीचे. मग सिम्प्लेक्स कॉलिंग फ्रिक्वेन्सी (रिपीटरशिवाय थेट एकमेकांना हाक मारायची ठरलेली जागा), उत्तर अमेरिकेत १४६.५२०, युरोपात १४५.५००. (युरोपात दोन मीटर बँड १४६ लाच संपतो, त्यामुळे अमेरिकन यादी तशीच्या तशी कॉपी करून तिथे नेऊ नका.) अमेरिकेत असाल तर हवामान रेडिओच्या सातही फ्रिक्वेन्सी, १६२.४०० ते १६२.५५०, फक्त ऐकण्यासाठी भरा. वादळ येतंय हे आदल्या रात्री कळलं तर निम्म्या इमर्जन्सी होतच नाहीत.

वाइल्डरनेस प्रोटोकॉल नावाची एक जुनी पद्धत आहे तीही लक्षात ठेवा: सकाळी ७ पासून दर तीन तासांनी, म्हणजे ७, १०, १, ४, ७, १०, घड्याळात तास पडला की पहिली पाच मिनिटं कॉलिंग फ्रिक्वेन्सी ऐकायची. किती लोक खरंच पाळतात यावर मी पैज लावणार नाही, पण हाक मारायचीच आहे तर याच वेळांना मारा, आणि तुम्हीही त्या वेळी ऐका, कदाचित पुढच्या तळ्यावरचा दुसरा कुणी अडकलेला असेल.

अँटेना, इथे पैसे घाला

हँडीसोबत येणारी आखूड रबरी अँटेना हा तडजोडीचा माल आहे. साधारण पन्नास सेंटीमीटरची पाव वेव्हलेंग्थ चाबूक अँटेना लावली की लगेच फरक कळतो. त्याहून भारी म्हणजे गुंडाळता येणारी जे-पोल, ३०० ओमच्या चपट्या दुहेरी वायरची, दीड मीटरच्या आसपास लांब, पेल्यात मावेल एवढी गुंडाळी होते, दोरीला दगड बांधून फांदीवरून टाकायची आणि उभी वर ओढायची. उभीच, आडवी नाही, कारण रिपीटरची अँटेना उभी असते. वर जाणारी केबल तीन-चार मीटरच ठेवा, फार बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला सिग्नल खाते. आणि तुमच्या हँडीला बसेल तो कनेक्टर आहे ना ते निघायच्या आधी बघा, मेल-फीमेल उलटं निघालं की सगळं मुसळ केरात.

वीज कडाडत असताना वायर झाडावर चढवायची नाही आणि उघड्या खडकावर चढायचं नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

बॅटरी

पाच वॅटवर बोलताना हँडी दीड अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे १८०० एमएएचची बॅटरी सलग बोललात तर सव्वा तासात खलास. नुसतं ऐकत ठेवली तरी एकदोन दिवसांत उतरते. म्हणून दिवसभर चालू ठेवायची नाही, वेळा ठरवायच्या. एक जादा भरलेली बॅटरी, आणि मॉडेलला मिळत असेल तर साध्या डबल ए सेलचा डबा, त्यात लिथियमचे सेल, ते थंडीत चांगले टिकतात. थंडीच्या रात्री बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. कमी पॉवरवर काम होत असेल तर कमीवरच बोला.

पाण्यावर

हँडी अंगावर हवी, लाइफ जॅकेटला दोरीने बांधलेली. सामानाच्या मोठ्या ड्राय बॅगेत नाही, कारण कनू उलटली की तुम्ही एकीकडे आणि बॅग दुसरीकडे, आणि नेमकं तेव्हाच ती लागते. पीएलबीही तसाच अंगावर. थंड पाण्याबद्दल १-१०-१ असा ठोकताळा आहे, पहिलं एक मिनिट श्वास आवरायला, मग साधारण दहा मिनिटं बोटं धड चालतात, आणि एक तासाच्या आसपास शुद्ध जायला लागते. म्हणजे तुमच्या बोटांना दहा मिनिटं आहेत आणि त्यात मेनू उघडून काही शोधायची वेळ येता कामा नये. कीपॅड लॉक, पहिला चॅनल लावलेला, हाय पॉवर, नुसतं चालू करून पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की झालं अशी ठेवा.

रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलात की रिपीटर उघडतोय का बघा, कॉलसाइन (लायसन्ससोबत मिळणारं तुमचं रेडिओवरचं नाव) सांगून सिग्नल रिपोर्ट मागा, म्हणजे आवाज कसा येतोय ते विचारा. आणि नकाशावर पेनने लिहा: इथून लागला, इथून खरखर, इथून काहीच नाही. पोर्टेजच्या (कनू उचलून एका तळ्यावरून दुसऱ्यावर चालत न्यायच्या) वाटेवर उंच जागा आली की तिथेही एकदा. ही सवय अगदी लावूनच घ्या, कारण उद्या काही झालं तर 'मागच्या पोर्टेजच्या टोकावरून स्पष्ट लागत होता' हे माहीत असणं म्हणजे अंधारात चाचपडण्याऐवजी धडधाकट माणसाला नेमक्या जागी पाठवता येणं. लागत नसेल तर आधी एक मीटर डावी-उजवीकडे सरका, परावर्तनामुळे दोन मीटर बँडवर एवढ्यानेही सिग्नल पडतो-उठतो. मग डोक्याच्या वर धरा, मग चढा. कनूत उभं राहून मात्र नाही!

दोन कनूंमध्ये आपापसात बोलायला, आणि ग्रुपमध्ये लायसन्स नसलेले असतील तर, अमेरिकेत एफआरएस किंवा युरोपात पीएमआर४४६ चे साधे सेट पुरतात. रॅपिडमध्ये (खळाळत्या उताराच्या पाण्यात) मात्र शिट्टी आणि वल्ह्याचे इशारेच, रेडिओला हात मोकळा कुठे असतो.

वेळ आलीच तर

पहिलं जखमी माणसाचं बघा, प्रथमोपचार. रेडिओ नंतर. मग बोलायच्या आधी निरोप कागदावर लिहा, खरंच लिहा, घाबरलेला माणूस स्वतःचं लोकेशन विसरतो.

रिपीटरवर गप्पा चालू असतील तर दोघांच्या मधल्या फटीत 'इमर्जन्सी' आणि तुमचा कॉलसाइन, एवढंच. सगळे गप्प होतील. उत्तर आलं की सावकाश, समोरचा लिहून घेतोय हे धरून बोला. बरेच रिपीटर साधारण तीन मिनिटांनी स्वतःच बंद होतात, म्हणून तुकड्या-तुकड्यात, मध्ये बटण सोडून. साधारण असं:

"इमर्जन्सी. कॉलसाइन अमुक. आम्ही चौघे, कनू ट्रिपवर. लोकेशन अंश आणि मिनिटांत देतोय, लिहून घ्या." मग थांबा. अक्षांश-रेखांश सांगा, समोरच्याकडून परत वाचून घ्या. "तळ्याचं नाव अमुक, उत्तर किनारा, कॅम्पसाइटवर. एक पुरुष, वय ५२, खडकावरून घसरला, मांडीचं हाड मोडलंय, शुद्धीत आहे, रक्त थांबलंय. चालू शकत नाही. उचलून न्यायची मदत हवी. बाकी तिघे ठीक. तंबू, अन्न, आग आहे. रेडिओ रात्रीपर्यंत चालेल."

लोकेशनवर थोडा जास्त वेळ घालवतो कारण इथे घोळ होतो. ४७ अंश ५७ मिनिटं म्हणजे दशांशात ४७.९५, कारण ५७ भागिले ६०. समोरच्याने तेच ४७.५७ असं लिहून घेतलं तर फरक पडतो जवळपास ४२ किलोमीटरचा, म्हणजे हेलिकॉप्टर भलत्याच तळ्यावर. म्हणून कुठल्या पद्धतीत सांगताय ते आधी बोला, आणि सोबत तळ्याचं नाव, बेटाची दिशा असं काहीतरी द्या ज्यावरून पडताळता येईल.

ऐकणारा हॅम कधीकधी शेकडो किलोमीटर दूर असू शकतो, काही रिपीटर एकमेकांना जोडलेले असतात, आणि त्याने त्याच्या घरून ९११ (अमेरिका-कॅनडातला इमर्जन्सी नंबर) लावला तर फोन त्याच्याच गावच्या केंद्रात वाजतो. म्हणून तुम्ही ज्या भागात आहात तिथल्या शोध-बचाव करणाऱ्यांचा पूर्ण फोन नंबर लॅमिनेटेड कागदावर हवा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम त्या काउंटीच्या शेरीफकडे असतं, तर काउंटीचं नावही सांगा.

एकदा संपर्क झाला की फ्रिक्वेन्सी सोडायची नाही, जागाही शक्यतो सोडायची नाही. सरळ विचारा, 'पुढचं बोलणं किती वाजता', घड्याळं जुळवा, आणि मधल्या वेळात बॅटरी वाचवायला हँडी बंद करणार असाल तर तसं सांगून करा, नाहीतर ते लोक हाका मारत बसतील आणि धरून चालतील की तुमचं काही बरंवाईट झालं.

उत्तरच आलं नाही तर? रिपीटर बदला, मग कॉलिंग फ्रिक्वेन्सी, मग तासाच्या ठोक्याची वाट बघून परत. ऐकू येत नसलं तरी निरोप पूर्ण बोला, तुम्ही पोचत असाल पण उलटा आवाज येत नसेल असंही असतं. आणि जीवावर बेतलं असेल तर हे सगळं करत बसू नका, पीएलबी आधी दाबा, रेडिओ त्याच्यासोबत.

शेवटचं एक काम सगळेच विसरतात. घरी ज्या माणसाकडे तुम्ही मार्ग, मुक्काम, फ्रिक्वेन्सी, ऐकायच्या वेळा आणि 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करा' असं सगळं लिहून दिलंय, त्याला बाहेर पडल्या पडल्या फोन करा, जेवणाच्या आधी. आणि मध्येच रेडिओवर इमर्जन्सी सांगितली होती पण दुसऱ्या कनूवाल्यांनी तुम्हाला बाहेर काढलं, तर त्याच रिपीटरवर परत जाऊन 'आम्ही बाहेर आलो, मदत रद्द करा' हे बोलून, समोरच्याने ते बचाव पथकाला कळवलं याची खात्री करूनच हँडी बंद करा.